यांच्या नावाचं कुलूप

३ जानेवारी १९९४, सेलू

आज नोकरीवर हजर झाले. इथल्या एका खाजगी दवाखान्यात कॉम्प्युटर आलाय अन् तो चालवणारी मी! कोर्स करत होते तेव्हा सासूबाई म्हणायच्या, बटणं दाबून पोट भरतं होय? भरतं म्हणावं. खोलीत पंखा आहे, मशीनवर फुलाफुलाचा अभ्रा, अन् चपला दाराबाहेर. डॉक्टरसाहेबांनी बजावलं, पेशंटचे आजार तुम्ही आणि मीच बघायचे, तिसऱ्यानं नाही. पासवर्ड मलाच ठरवायला सांगितला. मी यांचं नाव टाकलं. लग्नाला वर्ष झालं, अजून ते माझ्या तोंडून निघालेलं नाही. मग कुणाला कळणार?

७ जानेवारी

केशरबाई इथल्या जुन्या नर्स. लय मायाळू. मला दिवस गेलेत हे त्यांनीच आधी ओळखलं. मशीनचं कुलूप काय ठेवलंस म्हणून मागं लागल्या. सांगते होय! एवढंच म्हटलं, मला ओठावर आणता येत नाही असा शब्द आहे. त्या हसत सुटल्या.

१५ जानेवारी

केशरबाईंकडं हळदीकुंकू. नाव घे, नाव घे म्हणून बायकांनी पिच्छा पुरवला. घेतलं एकदाचं. लाजेनं कान तापले.

२१ जानेवारी

ऊसतोडीवरून ताप घेऊन आलेल्या छबूबाईच्या रक्ताचा रिपोर्ट औरंगाबादहून आला. तोच आजार, लोक ज्याचं नाव कुजबुजत घेतात. मशीनमध्ये मीच भरला. ती पुढच्या खेपेला आली की सांगू, असं डॉक्टर म्हणाले. पहिलटकरीण म्हणून माझंही रक्त तपासायला पाठवलंय.

२४ जानेवारी

छबूबाईला सांगायच्या आधीच तिच्या गावाला कळलं. दिरानं तिला गोठ्यात टाकलंय. पाणी लांबून ओततात म्हणे.

मी कुणाला बोलले नव्हते. मग हळदीकुंकू आठवलं, तिथं घेतलेलं नाव आठवलं. केशरबाईंना विचारलं तर शांतपणे म्हणाल्या, आपल्या माणसांना सावध करायला नको का? डॉक्टरांकडं गेले. त्यांना वाटलं मीच फोडलं. पासवर्ड बदलला, मशीन केशरबाईंच्या ताब्यात दिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२९ जानेवारी

छबूबाई वारली. तोंडात पाणी घालायला कुणी आत गेलं नाही.

३१ जानेवारी

आज दवाखान्यात मला कुणी चहा दिला नाही. केशरबाई तोंडाला पदर लावून होत्या. माझा रिपोर्ट आलाय का? डॉक्टर परभणीला गेलेत. मशीन उघडायला बघितलं. नवा शब्द मला ठाऊक नाही.

१ फेब्रुवारी

सासूबाईंनी ताट उंबऱ्यावरून सरकवलं. हे अंगणात झोपले. काय आलंय रिपोर्टात, यांना विचारलं तर बाज आणखी लांब ओढली. सगळ्यांना माहीत. मी सोडून —

दुपार

केशरबाई आल्यात. ओट्यावर सासूबाईंशी — जीप सांगितलीय, म्हणतात. आजच पाडून टाका, पोटातलं वाढायच्या आत —

हे आत येतायत. तोंडाला रुमाल. अहो, आधी मला वाचू तरी द्या, नुसतं एकदा मला वा —