उगम: शेजारचा तारा

३ मार्च
संकल्प. ३१ तारखेला प्रबंध मार्गदर्शक मॅडमच्या टेबलावर. मुदतवाढ चौथ्यांदा मिळाली. पाचवी नाही, जागा जाईल, असं मॅडम शांतपणे म्हणाल्या. त्या शांत झाल्या की माझ्या पोटात जळजळतं.
विषय सोपा आहे. सूर्यमाला जन्मली तेव्हा तिच्यात ॲल्युमिनियम-२६ होतं. किरणोत्सारी, अल्पायुषी. आलं कुठून? मी म्हणतो, शेजारचा तारा फुटला, त्याने दिलं. पलीकडच्या टेबलावरची शहाणी म्हणते, सूर्याने घरीच केलं. म्हणे घरीच!

६ मार्च
प्रकरण तीन आज सुरू करणार होतो. पेन्सिलींना टोकं केली.
सासऱ्यांनी फोनवर विचारलं, अल्पायुषी म्हणजे किती? सांगितलं, सात लाख वर्षांत निम्मं उरतं. ते म्हणाले, म्हणजे तुमच्या प्रबंधाआधी आटपेल. बायको पोट धरून हसली. मी दुर्लक्ष केलं. दिवसभर करत होतो.

११ मार्च
जळजळ. बायको औषधाच्या दुकानात कामाला आहे, तिने गोळ्या दिल्या. ह्या एवढाल्या! घशाखाली उतरेनात. प्रयोगशाळेतल्या खलात कुटल्या, झकास पूड झाली. खल रुमालाने पुसून ठेवला. स्वच्छतेच्या बाबतीत मी कडक आहे.

१४ मार्च
सूर्यमालेच्या जन्मावेळच्या उल्केचा शेवटचा कण खलात कुटला. आधीचे दोन माझ्या शिंकेत उडाले. धूळ प्रयोगशाळेची, माझा काय दोष?
ॲल्युमिनियम-२६ विझलं की त्याचं मॅग्नेशियम-२६ होतं. ते जादा सापडलं की बाजी मारली.

१९ मार्च
निकाल. ॲल्युमिनियम ढीगभर. मॅग्नेशियम ढीगभर. जादा मॅग्नेशियम-२६: शून्य. डोकं फिरलं. दोन चमचे पूड घेतली.
दुपारी ४. सुचलं! हा कण तारा फुटायच्या आधीच जमलेला! सूर्याने घरी केलं असतं तर पहिल्यापासून असतं. म्हणजे बाहेरूनच आलं. शहाणीला ऐकवलं. ती म्हणाली, खल तपासून बघ. जळतात मेले.

२५ मार्च
चाळीस पानं! सात वर्षांत जमलं नाही ते सहा दिवसांत. मॅडमनी वाचून फक्त हं म्हटलं. भारावल्या असणार.

२९ मार्च
जेवताना बायकोला आकडे सांगत होतो. तिने उठून गोळ्यांचं पाकीट आणलं, मागची बाजू वाचली. ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम. म्हणाली, अरे, तुझा तारा आमच्या दुकानात दहाच्या स्ट्रिपमध्ये मिळतो.
योगायोग.

३१ मार्च
योगायोग नाही. मशीनमध्ये नुसती गोळ्यांची पूड घातली, आकडे तंतोतंत जुळले. कण संपला. दुसरा नाही. रडू आलं, खरंच आलं. शहाणी हसली नाही, हेच जास्त लागलं. मुकाट्याने खल धुवायला घेऊन गेली.
मॅडम शांत. जागा सोडण्याच्या फॉर्मसोबत नमुना वाया गेल्याचा अहवाल भरायचा होता. त्यात एक रकाना: आढळलेल्या मूलद्रव्यांचा उगम. सात वर्षं याच प्रश्नासाठी बसलो होतो. लिहिलं: गोळी, जेवणानंतर एक.
पोटात आग पडली आहे. डबीत पूड शिल्लक आहे. घ्यायचा धीर होत नाही.