दुसरी बशी

मंगळवार, १४ तारीख

प्रिय वहिनी,

नमस्कार. तुम्ही सगळे बरे असाल, दादाचा खोकला थांबला असेल. मी ठीक आहे. प्रयोगशाळेत सध्या बाटलीबंद पाण्याच्या नमुन्यांचा ढीग पडलाय, मान वर करायला फुरसत नाही. आईची खोली आवरून ठेवली आहे. पलंग फिरवून घेतला, म्हणजे सकाळचं ऊन तिच्या डोळ्यांवर येणार नाही.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण तुम्ही फोनवर 'ताई, ताई' करता आणि माझ्या तोंडून खरं निघत नाही. म्हणून लिहितेय.

अकरा वर्षं आई माझ्याकडे होती. दोनदा मूतखडा झाला, दोन्ही वेळा मीच धावले. डॉक्टरांचं एकच म्हणणं, पाणी भरपूर प्या. त्यासाठी मी काय नाही केलं! बाटलीवर खुणा केल्या, चिडले, रडले, अबोला धरला. ही बाई चार पेल्यांच्या वर जायची नाही. पाण्याला ना चव ना ढव म्हणायची. मग तिचे गुडघे गेले, माझे तीन जिने तिला झेपेनात, म्हणून ती तुमच्याकडे तळमजल्यावर आली.

आणि महिन्याभरात तुमचा फोन, आई दिवसाला दीड लिटर पाणी पितात! काचेच्या बाटलीतलं, बुडबुड्यांचं. नाकाला गुदगुल्या होतात म्हणे. दोघी दारात खुर्च्या टाकून बसता आणि ढेकर कोणाचा मोठा याची शर्यत लावता. वहिनी, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्या वर्षांत आई माझ्यासमोर तशी कधी हसली नव्हती.

म्हणून मी ती बशी पाठवली. दादा इकडे आला तेव्हा त्याच्याकडून तुमच्या पाण्याची एक बाटली मागवली होती, आठवतं? चिनीमातीच्या बशीत थोडं थोडं ओतून आटवली. खाली पांढरा थर राहिला. सोबत कागदावर लिहिलं की एका बाटलीत एवढे क्षार, हे आईच्या मूत्रपिंडात साठणार, ताबडतोब बंद करा. खाली सही, हुद्दा, शिक्का. आमच्याकडे पहिल्याच दिवशी शिकवतात, घरच्या नमुन्यावर सही करायची नाही. वीस वर्षं पाळलेलं त्या दिवशी मोडलं.

आईने बशी पाहिली आणि बाटली बंद केली. साधं पाणी तिच्या घशाखाली उतरत नाही हे मला चांगलं ठाऊक होतं. तीन आठवड्यांत कळ आली, दवाखाना झाला. तुम्ही हुंदके देत म्हणालात, "ताई, माझ्या पाण्यानेच झालं हो हे."

मी म्हणाले, "जाऊ द्या, तुम्हाला काय माहीत."

काय तो माझा मोठेपणा! फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं, वहिनी. लिहितानाही लाज वाटते, पण बरं वाटलं. वर आईने दादाला सांगितलं, मला लेकीकडे नेऊन सोड, तिला पाण्यातलं कळतं.

कळतं ना, म्हणूनच सांगते. त्याच दिवशी मी माझ्या नळाचं पाणीही आटवलं होतं, मोजून तेवढंच. त्याचा थर दुप्पट निघाला. ती बशी मी कपाटात मागे सारली. कुठलंही साधं पाणी आटवलं की काहीतरी उरतंच, त्याचा मूतखडा होतो असं नाही. तुमच्या बाटलीत सोडियम नावापुरतं आहे, कॅल्शियम बेताचं. तेही जेवणाबरोबर गेलं तर खडा करणाऱ्या ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं. आणि बुडबुड्यांनी खडे होतात, असं मला तरी कुठे वाचायला मिळालं नाही. तरी परवा आईच्या डॉक्टरांना फोन केला, कुठेतरी मी बरोबर निघेन म्हणून.

ते म्हणाले, "दीड लिटर पीत होत्या? मग थांबवलं कोणी?"

फोन ठेवून मी कपाटातली ती मागची बशी बाहेर काढली.

रविवारी दादा तिला घेऊन निघणार आहे. आणू नका. हे तीन जिने ती एकदा चढली की पुन्हा खाली उतरायची नाही, आणि माझ्यासमोर बसून ती पुन्हा चारच पेले पिईल. मला ती हवी आहे, अजूनही हवी आहे. तुमच्यावर जळणंही काही थांबलेलं नाही, तेव्हा फार कौतुक करू नका माझं.

या पत्राबरोबर दुसरी बशी पाठवली आहे. आईसमोर पहिलीच्या शेजारी ठेवा. ही कुठल्या पाण्याची, असं ती विचारेलच. तेव्हा हे पत्र तिला वाचून दाखवा, काही गाळू नका. आणि मग बाटली उघडा.

जास्त पांढऱ्या बशीतलं पाणी तिला अकरा वर्षं पाजणारी,

तुमची नणंद