डाव्या हाताचे मोजे

बाबा, आईनं परवा तुमच्याबद्दल एक प्रश्न विचारला. वागळे इस्टेटमधल्या ज्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते तिथे कीटकनाशकांचे नमुने येतात. डोंबिवलीच्या कारखान्यात तुम्ही जे औषध बाटल्यांत भरायचात, तेही येतं. त्या एका औषधात खरं तर दोन रसायनं असतात. सूत्र तेच, वजन तेच, उकळायचं तापमानही तेच. फक्त एक हे दुसऱ्याचं आरशातलं रूप, जसे आपले दोन हात. शरीर मात्र त्यांना सारखं वागवत नाही. एक नसांना जास्त बाधतं, दुसरं कमी, आणि जे किडीला जास्त मारतं तेच माणसाला जास्त बाधेल असंही नसतं. कारखान्यात दोन्ही निम्मी निम्मी तयार होतात आणि एकाच बाटलीत जातात. मला ती वेगळी करता येतात. यंत्राच्या पडद्यावर आलेखाचे दोन सुळके शेजारी शेजारी उमटतात. अहवालात मात्र बेरीजच मागतात, तीच मी लिहिते.

हे मी आईला सांगत होते तेव्हा ती मेथी निवडत होती. जुडी बाजूला ठेवून तिनं विचारलं, "मग ह्यांना कुठल्यानं झालं गं?" तुमची बोटं बधिर झाल्यावर शर्टाची बटणं तीच लावून द्यायची. मी म्हटलं, ते आता कळणार नाही, बाबा गेल्यावर तपासायला काही उरलेलं नाही. ते खरंच आहे. त्या औषधानंच झालं का, हेही डॉक्टरांनी कधी नक्की सांगितलं नव्हतं.

पण मला आपलं स्वयंपाकघर आठवतं. बाटल्यांची झाकणं आवळून तुमचा उजवा रबरी मोजा नेहमी आधी फाटायचा आणि डावे नुसते साठत जायचे. रविवारी तुम्ही ते घरी आणलेले आहेत. आई ते साबणानं धुऊन, उलटे करून, ओट्यावरच्या खिडकीत वाळत घालते आहे. तुम्ही त्यातला एक माझ्या उजव्या हातात चढवता. "बघ, डाव्याचा उजवा झाला. जादूगार आहे तुझी आई." आई मागे न बघता म्हणते, "चांगले आहेत ते, टाकायचे कशाला?" आणि मी खिदळते. आरशातलं रूप म्हणजे काय, हे मला पहिल्यांदा तिथे कळलं.

साबणानं वरवरचं जातं. रबरात मुरलेलं जात नाही. मोजा उलटला की औषध लागलेली बाहेरची बाजूच आत येते, तुमच्या घामेजलेल्या तळहाताला लागून, अख्खी शिफ्ट.

काल आईनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा नमुना, यंत्र, पुरावा असं काहीबाही बोलत राहिले. "एवढी शिकलीस आणि एवढं सांगता येईना," म्हणाली आणि कुकर लावायला उठली. मोज्यांचं मी तिला सांगितलेलं नाही. तुम्हालाही सांगणार नव्हते.