कमानीत अडलेला गणपती

पेण, २ ऑगस्ट २०२५

चि. सौ. सरूस अनेक आशीर्वाद.

फोनवर आपण भांडतो, म्हणून लिहितो. यंदा डोलवीच्या मंडळाचा मोठा गणपती मीठबाजाराच्या जुन्या इमारतीतल्या आपल्या गाळ्यात केला. दगडी कमान बेताची आहे हे ठाऊक होतं, म्हणून उंची मोजूनच घेतली. पण मोजली ती मूर्ती. खालचा पाट धरायचा विसरलो. हसू नकोस. आता वाळलेला देव मुकुटाने कमानीला अडतोय. बाबा मुकुट नेहमी वेगळा करायचे, मला एकसंध करायची हौस नडली.

कमानीचा मधला दगड काढला तर वाट होईल, मग परत बसवता येईल. इमारत वारसा यादीत आहे, म्हणून नगरपालिका हात लावू देत नाही. पण देवावर करवत चालवायला माझं मन होत नाही गो.

तुझ्या मायेचा भुकेला,
दादा

रोहा, ६ ऑगस्ट

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. हे धाटावच्या कारखान्यातून शिफ्ट करून आले, त्यांना दाखवलं. म्हणाले, मधल्या दगडाला हात लावायचा नाय म्हणून कळव. त्या दगडावर कमान, कमानीवर सागाच्या तुळया आणि तुळयांवर पोपटभाऊंचं शिवणाचं दुकान. ते बिचारे दिवसभर वर बसलेले असतात रे!

प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती मातीच ना? मुकुट काप, बाहेर नेऊन जोड. तुझ्या हाताला अवघड नाही, तुझ्या तोऱ्याला आहे. रागावलास तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
सरू

पेण, ११ ऑगस्ट

चि. सौ. सरूस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं त्याच्या आदल्या दिवशीच दगड काढला होता. टेकू लावले होते, तरी शेजारचे दगड सरकले आणि वरचा मजला एका बाजूला खचला. पोपट जेवायला घरी गेला होता, म्हणून वाचला. नगरपालिकेने सगळी इमारत रिकामी करून कुलूप ठोकलं. मंडळाने दुसरीकडून मूर्ती घेतली. माझी आतच आहे. पोपटची मशिनंही आत, ऐन सणाच्या तोंडावर.

काल तो घरी आला. शिव्या देईल असं वाटलं. पाणी प्यायला आणि ‘तुझ्या मूर्तीवर वरून गळत तर नाय ना?’ एवढंच विचारून गेला. मला मान वर करवेना, सरू.

तुझ्या रितेशरावांना विचार, धाटावला कंत्राटात माणूस घेतात का. एकच जागा असली तर माझं नाव काढू नकोस, पोपटचं सांग.

लोभ ठेव म्हणायला तोंड राहिलेलं नाही, तरी ठेव.

दादा