बत्तीस के.मधली रापण

३ डिसेंबर १९८७, मालवण
जिल्ह्यात कॉम्प्युटर आला एक आणि मागणाऱ्या शाळा दोन, आमची आणि कणकवलीची. तूर्त आमच्याकडे आहे. एकोणीसला शिक्षण खात्याचे साहेब येणार. जी शाळा काहीतरी करून दाखवील, तिला तो कायमचा. हेडमास्तर भाईंनी विचारलं, कोण करतंय? मी हात वर केला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. आदरच तो.
व्हिडिओ गेम करणार. नाव 'रापण', म्हणजे गावाने मिळून किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं. समुद्र, लाटा, होडी, जाळं, किनाऱ्यावरून दोरी ओढणारी वीस माणसं, दोनशे बांगडे. तीन दिवसांचं काम.

६ डिसेंबर, रविवार
शाळेतच. सरला म्हणते, सहामाहीचे पेपर कोण तपासतलो? बायकोला विज्ञान कळत नाही. पेपर उद्या.

८ डिसेंबर
सगळं चढवलं. स्क्रीनवर आलं: नो रूम. मेमरी बत्तीस के., त्यातली वीस नुसते रंगच खातात. दोष मशीनचा. रंग काढले. समुद्र काळा, बांगडे पांढरे. कलात्मक दिसतं.

१० डिसेंबर
चालला! पण बांगडा इकडून तिकडे जाईपर्यंत मी चहा पिऊन आलो. पालक संघाचे अध्यक्ष तुकाराम, त्यांची स्वतःची रापण आहे, बघायला आले. म्हणाले, "मास्तरांनू, मासो मेलो काय?" वर विचारतात, वाटे खंय आसत? दोरीला हात लावील त्याला वाटा, नाहीतर ती रापण कसली, चोरी. रास्त आहे. एका ओळीचं काम: मासे भागिले माणसं.

११ डिसेंबर
वाटे घातले. नो रूम. लाटा काढल्या. डिसेंबरात समुद्र तसाही शांतच.

१४ डिसेंबर
अजून रखडतोय. समुद्रच काढला. वर्गाच्या खिडकीतून दिसतो की! होडीही काढली. जाळं टाकून झाल्यावर होडीला काम काय? बांगडे बारा ठेवले. भाई म्हणाले, मग रवला काय? भाईंचा विषय संस्कृत. पेपर उद्या नक्की.

१८ डिसेंबर, संध्याकाळ
सापडलं! मशीनचा जीव काढत होती ती माणसं. वीस जण हात हलवतात, चेष्टा आहे? सगळी पुसली. दोरी आपोआप येते. असा पळतो गेम! सरलाला दाखवला. म्हणाली, "माका कायच दिसूक नाय." इतका वेग. उद्या कणकवलीची खैर नाही.

१९ डिसेंबर
साहेबांनी बटण दाबलं. जाळं आलं. बारा बांगडे आले. वाटे करायची ओळ आली आणि मशीन ठप्प. स्क्रीनवर इंग्रजीत: शून्याने भागाकार. साहेब म्हणाले, म्हणजे काय? मी म्हटलं, व्होल्टेज. तेवढ्यात तुकाराम मागून ओरडले, "मास्तरांनू, ओढणारी माणसां खंय गेली?" वेगासाठी काढली, असं मी सांगून बसलो. अख्खा हॉल हसला. साहेबसुद्धा. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.
कणकवलीच्या शाळेच्या सुगंधाबाईंनी त्यांच्या प्रोग्रॅमची कॅसेट आणली होती. पोरांनी आपलं नाव टाईप करायचं, ते स्क्रीनभर झळकायचं. बस्स. पोरं वेडी झाली. हा काय गेम आहे?

२१ डिसेंबर
कॉम्प्युटर कणकवलीला पोचवायला मलाच पाठवलं. एस.टी.त मांडीवर घेऊन बसलो. कसालपर्यंत बरा होतो. पुढे डोळे भरून आले. कंडक्टरने विचारलं, घरचं कोण आजारी आहे का?
सुगंधाबाईंनी चहा दिला. मशीन जोडून माझं नाव टाईप केलं. श्रीपाद, श्रीपाद, श्रीपाद, सगळा स्क्रीन भरला. काय वेग! न राहवून विचारलं, किती ओळींचा प्रोग्रॅम?
म्हणाल्या, दोन.