मरणासाठी काढलेलं तिकीट

प्रिय ग्लेन,

पत्र पोस्टाने आलं म्हणून घाबरू नकोस. फोनवर मी तीन वाक्यं बोलले की तू "आई, आवाज तुटतोय" म्हणतोस आणि मग आवाज खरोखरच तुटतो. म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच, आणि तूच वाच. रिचेलच्या हातात देऊन "काय म्हणते ते सांग" असं करू नकोस. माझा मुलगा तू आहेस, ती सून.

ऑगस्टमध्ये काय घडलं ते तुला दहा जणांनी दहा तुकड्यांत सांगितलं. आता सरळ ऐक. त्या सकाळी तुझ्या पप्पांनी इन्सुलिन टोचून घेतलं आणि न खाताच जाळं शिवायला बसले. मी बाजारातून आले तर ओट्यावर आडवे. अंग गार, सदरा घामाने चिंब. हाका मारल्या, गालावर मारलं, काही नाही. तुझ्या सेबेस्टियन काकाने उचलून आत आणलं आणि नाक्यावरच्या नव्या दवाखान्यातला डॉक्टर आला. मी शाळेत शिकवलेल्या शेवटच्या वर्गातल्या मुलांएवढा असेल. त्याने मनगटावर दोन बोटं ठेवली. बाहेर भरती भरली होती, होड्या सुटायच्या बेतात होत्या. आपल्या पाड्याची रीत तुला ठाऊक आहे. कोणी गेलं की त्या दिवशी एकही होडी जात नाही. पण फादरच्या देवळातली घंटा वेळेवर वाजली तर. एकदा होड्या गेल्या की चार दिवस खांदा द्यायला पाड्यात पुरुष उरत नाही. म्हणून सेबेस्टियन दारातूनच ओरडला, "डॉक्टर, पानी भरला! होड्या सुटतायत. हाय का नाय ते बोला!" त्या पोराने एकदा काकाकडे पाहिलं, एकदा दाराबाहेरच्या गर्दीकडे, आणि म्हणाला, "नाहीत." एका माणसाच्या जिवाचा निकाल भरतीच्या पाण्याने लावला. मी म्हटलं, पुन्हा बघा, छातीला नळी लावा. तेवढ्यात देवळाची घंटा सुरू झाली. घंटा झाल्यावर पुन्हा कोण बघतो? त्याने सदऱ्यावरूनच नळी टेकवली आणि मान हलवली. बाहेर होड्यांचे दोर परत बांधले जात होते. बाया रडायला बसल्यासुद्धा.

तुला फोन मॅग्डलीन आत्याने लावला, स्पीकरवर. तू रडलास. ते मी ऐकलं आणि ते मी नाकारणार नाही. मग तू म्हणालास, "पप्पांना लगेच फ्रीजरच्या पेटीत ठेवा, बॉडी खराब व्हायला नको. मी येतोय. शनिवारपर्यंत थांबा." परदेशातल्या मुलांसाठी माती थांबवायची, ही आता आपल्याकडची नवी रीत. घरटी एक पोरगा कॅनडात नाहीतर बोटीवर, त्यामुळे मेलेल्याला वाट बघायला लावतात. कोणी म्हणालं, पेटीचा खर्च कशाला, होडीचा बर्फ आहे की. त्यावर आत्या कडाडली, "बर्फ कशाला? सहा वर्सांनी पोरगा येतोय, त्याला बाप काय पापलेटासारखा दाखवायचा?" त्या रडारडीत दोन बायका हसल्या. आणि खरं सांगू, रडणाऱ्या घरात एक आनंद शिरला होता. ग्लेन येतोय. ज्याला त्याला तेच सांगणं चाललं होतं. माझ्या डोक्यातसुद्धा येऊन गेलं की तुझी खोली झाडायला हवी.

जूचंद्रहून टेम्पोतून पेटी आली. ओटीवर ठेवली, वायर लावली, गार व्हायला लागली. आत सेबेस्टियन आणि त्याचा हिलरी तुझ्या पप्पांना लग्नाचा सूट घालायच्या तयारीत. आधी दाढी करायची, कारण पप्पा कधीच दाढी न करता देवळात गेले नाहीत. सेबेस्टियन डोळे पुसत वस्तरा फिरवत होता, तो हनुवटीखाली लागला. त्याने कापूस दाबला. कापूस लाल. दुसरा घेतला, तोही लाल. हिलरी बोलला, "काकी, रगत थांबत नाय." मी सेबेस्टियनच्या हातातला कापूस काढून बघितलं. रक्त आपणहून वर येत होतं, पुसलं की पुन्हा. मी किंचाळले नाही. इतकी वर्षं वर्गात विज्ञान शिकवलं, मेलेलं अंग असं वाहत नाही एवढं मला कळतं. मी एवढंच म्हटलं, "गाडी काढा." सेबेस्टियन बघतच राहिला, तेव्हा त्याच्या पाठीत धपाटा घातला. टेम्पोवाला अजून चहा पीत होता. जी गाडी पेटी घेऊन आली त्याच गाडीतून आम्ही त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे सुई लावून रक्त तपासलं, साखर जवळजवळ संपलेली होती. सलाईन चढवलं. दुपारी त्यांनी डोळे उघडले. घरी मात्र पेटी संध्याकाळपर्यंत घरघरत होती. वायर काढायचं कोणाला सुचलं नाही.

तो डॉक्टर नंतर माफी मागायला आला. पप्पांनी त्याला चहा पाजला, वर त्याचीच समजूत काढली. मी पाजला नसता. मी त्याला दारात उभं करून विचारलं, कोण ओरडतंय ते बघून नाडी ठरते का? त्याने मान खाली घातली. निदान त्याने मान खाली घातली.

आता तुझ्याविषयी. दवाखान्याच्या पायरीवरून मी तुला फोन केला. पप्पा जिवंत आहेत म्हटल्यावर तू पुन्हा रडलास, "थँक गॉड, थँक गॉड" म्हणत राहिलास. मग म्हणालास, "आई, मग मी तिकीट कॅन्सल करतो. ही रजा डेथसाठी मिळालेली होती, आता ती लागू होत नाही. ख्रिसमसला बघू." मी पायरीवर उभी होते, माझ्या साडीला तुझ्या बापाचं रक्त होतं, आणि तू मला रजेचे नियम सांगत होतास. मीही नोकरी केली आहे. रजेचे सगळे प्रकार मला पाठ आहेत. मेलेल्या बापासाठी तुझ्याकडे आठवडा होता. मांडीवर तान्हं मूल घेऊन एवढा प्रवास करायला रिचेलही तयार होती. बाप जिवंत निघाला आणि सगळं संपलं! त्याच दिवशी तू मला पप्पांच्या साखरेसाठी नवं मशीन ऑर्डर केल्याचा मेसेज पाठवलास. मशीन आलं. चांगलं आहे. दर सकाळी वापरतो.

त्या दिवसापासून तुझे पप्पा पूर्वीचे राहिलेले नाहीत. फोनवर तुला "एकदम ओके" म्हणतात ना? बाथरूमचं दार लावत नाहीत. पांघरूण गळ्याच्या वर जाऊ देत नाहीत. होडीच्या ज्या खणात ते जन्मभर बर्फ आणि मासळी भरत आले, त्या खणात उतरायला सांगितलं तर काठावरूनच परत फिरतात. बर्फ फोडायच्या यंत्राचा आवाज आला की आत निघून जातात. फादरना जाऊन सांगून आले की, फादर, मला पुरा दिवस उघडा ठेवल्याशिवाय माती द्यायची नाही, पेटीत तर मुळीच घालायचं नाही. फादर हसले, म्हणाले, हिंमत ठेवा. सेबेस्टियनला क्रुसावर हात ठेवायला लावून त्यांनी त्याच्याकडूनही तीच शपथ घेतली आहे. ज्या माणसाने वादळात होडी परत आणली, तो माणूस आता झाकणाला भितो. पाड्यातली पोरं त्यांना पाहून "अंकल, फिरून आलात काय वरून?" म्हणतात. ते हसतात. मला ते हसणं आवडत नाही.

आणि आता जे लिहिण्यासाठी बसले ते. हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं. त्या सकाळी ते ऐकत होते, ग्लेन. घंटा नाही, डॉक्टर नाही, पण तुझा आवाज त्यांनी ऐकला. पाण्याखालून ऐकू यावा तसा, म्हणाले. हात हलत नव्हता, जीभ हलत नव्हती, पेटी, पेटी असं ऐकून आत जीव ओरडत होता, आणि तरीही तू "मी येतोय" म्हणालास तेव्हा त्यांना बरं वाटलं. दवाखान्यात डोळे उघडल्यावर त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो "शनिवार कधी?" मला तेव्हा अर्थ लागला नव्हता. मला वाटलं, बडबडतायत. परवा सेबेस्टियन आणि ते ओट्यावर बसले होते. सेबेस्टियन म्हणाला, "दादा, पुन्हा तसा झाला तर पैला वस्तरा मारून बघीन." त्यावर तुझे पप्पा म्हणाले, "मार. पन रगत आला तरी लगेच बोंबलू नको. पोराला विमानात बसू दे, मंग सांग." सेबेस्टियन मोठ्याने हसला. मी दारात उभी होते. ते हसत नव्हते. ज्या पेटीच्या नावाने त्यांना घाम फुटतो, त्या पेटीत तू येईपर्यंत पडून राहायला हा माणूस तयार आहे. मी तुला आजवर काही मागितलं नाही, आता मागते. तिकीट काढ. रजा मरणाशिवाय मिळत नसेल तर ऑफिसात सांग, बाप मेला. मी आयुष्यभर खोटं बोलणाऱ्या मुलांना बाकावर उभं केलं, आणि मीच तुला सांगते आहे, बिनधास्त सांग. तो जिवंत असताना ये. तो गेल्यावर येणार असशील तर येऊ नकोस, मी माती थांबवून ठेवणार नाही.

तुझीच,
अजून राग न गेलेली आई,
सालोमी
पाचूबंदर