दिवसपाळीचा माणूस

उधना,
१७ मार्च १९९६

प्रिय भाऊ,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. भूजहून इथवर यायला त्याने बराच वेळ घेतला. तू तुझ्या तब्येतीचं एका ओळीत उरकलं आहेस आणि उरलेल्या जागेत मी जेवतो का, खोलीचं भाडं दिलं का, मायला पत्र टाकलं का, हेच विचारलं आहेस. तुरुंगात कोण आहे, तू की मी, असं वाचताना वाटलं.

जेवतो. खानावळीतल्या मालतीबाई अजूनही दोघांच्या हिशेबाने भाजी वाढतात आणि मग अर्धी परत काढतात. बाकी गल्लीतलं कुणी फारसं बोलत नाही. तुला नेलं त्यानंतर नळावर मी गेलो की लोक बादल्या अर्ध्या भरूनच उचलतात. त्यांचा राग नाही. नाव न सांगता कुणीही काहीही लिहून द्यावं आणि माणूस वर्षभर आत जावा, हे पाहिल्यावर कोण जवळ उभं राहील?

तुझ्या जागी रात्रपाळीला गंजामचा एक माणूस ठेवला आहे. चांगला आहे. त्याला मराठी येत नाही, मला उडिया येत नाही, आणि यंत्रमागांच्या खडखडाटात तसंही कुणाला काही ऐकू येत नाही. पाळी बदलताना तो बोटाने बिघडलेला माग दाखवतो आणि जातो. आपणही इतकी वर्षं तसंच केलं, नाही का? एकाच मागांवरचे जोडीदार, एकच खोली, एकच गादी. मी कामावरून आलो की तू निघायचास. गादी मात्र नेहमी ऊबदार मिळायची. हे मला कधी जाणवलंच नव्हतं. आता गादी गार असते.

मायला मी खरं कळवलं. तू लपवायला सांगितलं होतंस, पण अमळनेरहून आलेल्या कुणीतरी तिला आधीच सांगितलं होतं. तिने लिहवून घेतलेल्या पत्रात एकच प्रश्न आहे, "मना कुंदन चोर शे का?" त्याला उत्तर काय द्यायचं? चोर असतास तर बरं झालं असतं, भाऊ. चोराला कोर्टात उभं करतात, साक्षीदार त्याच्यासमोर येतो, वकील त्याला उलटसुलट विचारतो. तुझ्यावर गुन्हा शाबीत करायचाच नाही. तू पुढे काहीतरी करशील म्हणून तुला 'पासा' कायद्याखाली आत ठेवलं आहे. आपल्या कारखान्यातल्या धुडकूचा हात मागाच्या पट्ट्यात गेला तेव्हा तू चौघांना घेऊन मजूर कचेरीत अर्ज दिलास, एवढंच तू केलंस, हे साऱ्या उधन्याला माहीत आहे. कागदावर मात्र तू नाक्यावरच्या दुकानदारांना धारदार हत्यार दाखवून धमकावणारा. ते हत्यार म्हणजे तुझ्या कमरेची धागे कापायची कातर. माझ्याही कमरेला तशीच आहे. गेले कित्येक दिवस मी ती रुमालात गुंडाळून नेतो.

मुकुंदराव वकिलांकडे तीनदा जाऊन आलो. त्यांनी राज्यघटनेचं पुस्तक बाविसाव्या कलमावर उघडून माझ्यासमोर ठेवलं. शाळेत नववीपर्यंत नागरिकशास्त्र होतं, पण वीस मार्कांचा विषय म्हणून आपण शेवटच्या दिवशी वाचायचो. कायदे करणारे वेगळे, राबवणारे वेगळे, न्याय देणारे वेगळे, म्हणजे कुणी एकटा मोकाट सुटत नाही, असं गुरुजी घोकून घ्यायचे. आता बघ, ज्या पोलीस खात्याची तक्रार, त्याच खात्याच्या साहेबाची सही, आणि त्याच सहीवर माणूस आत. मी वकिलांना हेच म्हणालो. ते म्हणाले, "विनाचौकशी अडकवायची मुभा याच कलमात आहे, आणि सल्लागार मंडळ नेमायची सक्तीही याच कलमात आहे. मंडळावर हायकोर्टाचे न्यायाधीश असतात. कारण पुरेसं नाही असं त्यांनी म्हटलं, तर सरकारला सोडावंच लागतं. दार लहान आहे, पण आहे."

त्या दारातून वकिलाला मात्र जाता येत नाही. तुझं म्हणणं तूच मांडायचं. वकील नसलेला एखादा सोबती किंवा नातेवाईक बरोबर घेता येतो, पण तो तूच अर्ज करून मागायला हवा. आणि तू कार्डावर लिहितोस, "तू मंडळापुढे येऊ नको. मी एकटा बोलेन." खाली दोन रेघा ओढल्या आहेस.

त्या रेघा का ओढल्यास ते मला कळलं आहे.

मागांवर देखरेख करणाऱ्या हिलाल मास्तरांना मी गाठलं. कागदावर तू नाक्यावर धमकावत होतास म्हणतात, त्या दुपारी त्यांनी तुला मागांवर पाहिलं होतं, तुझ्या हातात स्वतः चहा दिला होता. ते इकडेतिकडे बघून म्हणाले, "मना बी पोरं शेतस, योगा. मी काही देखं नही." मग जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. शेठने मला केबिनमध्ये बोलावून हसत विचारलं, "तारो भाई तो पासामां गयो. हवे तारे पण जवुं छे?" मला आत जायचं नाही म्हणालो.

मुकुंदरावांना मी परवा सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "तू हे बोललास तर कुंदन सुटण्याची शक्यता आहे. पण मग पुढचा प्रश्न तुझ्यावर येईल. त्या दुपारी तू कुठे होतास? खोलीत तापाने पडलो होतो म्हणशील. तुला कुणी पाहिलं?" कुणीच पाहिलं नव्हतं. मी विचार करायला दोन दिवस मागून घेतले. त्या दोन दिवसांत मागावर माझे इतके धागे तुटले की गंजामवाल्यानेही मान हलवली.

भाऊ, आता हे पत्र का लिहितो आहे ते सांगतो. दुकानदाराला कातर दाखवल्याची ती गुरुवारची दुपार. शेठच्या लेखी दिवसपाळीला मी होतो आणि रात्रपाळीचा तू मोकळा होतास. जोडीदारांनी आपसात पाळी बदलली तर कोण कुणाला सांगतो? माग चालल्याशी मतलब. मला ताप होता. तू तुझी रात्र भरलीस आणि वर माझा दिवसही भरलास. त्या दुपारी तू नाक्यावर नव्हतास, माझ्या मागांवर होतास. हे तू कुणालाच सांगितलं नाहीस, कारण तू मागांवर असलास तर मी कुठे होतो हे ते विचारतील. तू वर्षभर गप्प बसायला तयार आहेस. मी नाही. मला खूप भीती वाटते, हे लपवत नाही, पण त्या गार गादीवर वर्ष काढण्याची भीती त्याहून मोठी आहे. पत्र मिळताच अर्ज कर आणि सोबती म्हणून माझं नाव लिही. मंडळ अहमदाबादला बसतं, तिथलं तिकीट मी काढतो. हे पत्र तुझ्याआधी तुरुंगातले साहेब उघडून वाचणार, हे मला माहीत आहे. त्यांना एकही शब्द अडू नये म्हणून आज अक्षर अगदी सावकाश काढलं आहे.

तुझाच,
योगराज